कोठीच्या भिंतीखालचा हीटर

१

ओव्हिला गान्यों कामासाठी कुठल्याही घरात शिरला की आधी खिडक्या मोजत असे. तीस वर्षांची सवय. बूट दारात काढायचे, मोज्यांवर घरभर फिरायचं, मग चौकडीच्या कागदावर खोल्यांचा आराखडा आखायचा. बाहेरच्या भिंती जाड रेघेने, आतल्या बारीक रेघेने, आणि खिडक्या निळ्या पेन्सिलीने. खिडकी सापडली की हीटरची जागा सापडलीच म्हणायची. भिंतीच्या पायथ्याशी जमिनीलगत बसणारे हे लांबट, बुटके हीटर खिडकीखालीच लावायचे असतात. काचेवरून गार हवा खाली ओघळते, तिला खोलीत पसरू न देता तिथल्या तिथे गाठायचं. पडद्यापासून चार बोटं लांब ठेवायचा, कपाटामागे कधीच लावायचा नाही, आणि थर्मोस्टॅट आतल्या भिंतीवर, छातीच्या उंचीला.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. सेंत-इर्मिन गावातली निम्मी घरं तेलाच्या आणि लाकडाच्या भट्ट्या काढून विजेवर येत होती. कामाला तोटा नव्हता, आणि ओव्हिलाला ते बरंच होतं. त्याची बायको लॉरियान जाऊन तीन वर्षं झाली होती. घरी लवकर जाण्यात काही राम उरला नव्हता.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी तो तिसऱ्या रस्त्यावरच्या शेवटच्या घरी गेला. घर ब्लाँदीन देशेन नावाच्या बाईंचं. वय एक्याऐंशी, मूलबाळ नाही, नवरा जाऊन वीस-बावीस वर्षं झालेली. सप्टेंबरात तळघरातून लाकडं वर आणताना त्या जिन्यावर घसरल्या होत्या. तेव्हा रिमूस्कीला राहणाऱ्या त्यांच्या भाच्याने, गाएताँने, फोनवर फर्मान काढलं होतं की आता भट्टी बंद आणि घरभर विजेचे हीटर.

"ये रे, लॉरियानच्या नवऱ्या," ब्लाँदीनबाई दार उघडत म्हणाल्या. "बूट तिथेच काढ, जमीन आत्ताच पुसलीय. आणि किती वाळलास! रोज युगेतच्या टपरीवर तळलेले बटाटे गिळत असशील."

"तुम्हाला कोणी सांगितलं, मादाम ब्लाँदीन?"

"मला फोन आहे की. लोक मला येऊन भेटत नाहीत, पण तुझी बातमी फोनवर लगेच देतात."

ओव्हिला हसला. स्वयंपाकघरातली एक खिडकी, वरच्या दोन झोपायच्या खोल्यांतल्या तीन, जिन्यातली एक, सगळ्या त्याने निळ्याने मांडल्या. मग तो बैठकीच्या खोलीत आला. दोन खिडक्या. एक उत्तरेला, एक पश्चिमेला.

कोपऱ्यातल्या तिवईवर जिरेनियमची कुंडी होती. सहज बघितलं तर चांगली जोमदार. पण झाड उत्तरेच्या खिडकीकडे झुकलेलं नव्हतं, पश्चिमेच्याही नव्हतं. त्याच्या झाडून सगळ्या फांद्या, पानं आणि तीन लाल तुरे आतल्या भिंतीकडे वळलेले होते. त्या भिंतीवर बारीक पिवळ्या फुलांचा जुना कागद होता, आणि दुसरं काहीही नव्हतं.

बाईंनी कुंडी फिरवून ठेवली असेल, असं म्हणून ओव्हिला कामाला लागला.

२

थंडी कुठून येते ते बघायला त्याच्याकडे सिगारेटच्या पातळ कागदाची एक पट्टी असे. ती चिमटीत धरून भिंतीकडेने चालायचं. वारा असला की पट्टी हलते. उत्तरेच्या खिडकीशी ती जराशी थरथरली. पश्चिमेच्या खिडकीशी तेवढीसुद्धा नाही; बाईंनी फटीत चिंध्या ठासल्या होत्या. तो आतल्या भिंतीवरून नुसता पुढे जात होता, तेव्हा पट्टी आडवी झाली.

तो थांबला. दोन पावलं मागे गेला. पट्टी सरळ लोंबली. पुन्हा पुढे आला. पट्टी पुन्हा आडवी, भिंतीपासून खोलीकडे. हात वर नेला, खाली नेला. कमरेपासून डोक्याच्या जरा वरपर्यंत वारा होता. डावीकडे एका जागी तो सुरीने कापल्यासारखा संपत होता, उजवीकडेही तसाच.

"या भिंतीमागे काय आहे, मादाम?"

"कोठी," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

ओव्हिला कोठीत गेला. छोटीशी, बिनखिडकीची खोली. फळ्यांवर बिटाच्या लोणच्याच्या बरण्या, हिरव्या टोमॅटोच्या बरण्या, पिठाचा डबा, काकवीचा डबा. त्याने बरण्या खाली काढून फळीमागची भिंत चाचपली. भिंत कोमट होती, चुलीची ऊब लागलेली. इथे पट्टी मुळीच हलेना. त्याने बोटाच्या पेराने ठोकून बघितलं. एकावर एक रचलेले चौकोनी ओंडके, जुन्या पद्धतीचं भरीव काम. पोकळ आवाज कुठेच नाही.

पूर्वी इथे खिडकी असणार, त्याने मनाशी जुळवलं. कोठी मागाहून बांधली असेल, खिडकी बुजवली असेल, फटी राहिल्या असतील.

"कोठी नंतरची का हो?"

"छे. सासऱ्यांच्या बापाने सगळं घर एका उन्हाळ्यात उभं केलं. ती भिंत पहिली घातली असं सांगायचे."

तो परत बैठकीत आला आणि टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसला. भिंतीच्या पायथ्याशी माश्या मरून पडल्या होत्या. वीस-पंचवीस असतील, उताण्या, सुकलेल्या. माश्या काचेवर डोकं आपटून आपटून मरतात आणि खिडकीखाली पडतात, हे त्याने शेकडो घरांत पाहिलं होतं. इथे काच कुठे होती? मग त्याचं लक्ष जमिनीकडे गेलं. मॅपलच्या जुन्या फळ्या मधासारख्या रंगाच्या. पण भिंतीपासून चार-पाच फुटांपर्यंत एक लांबट चौकोन फिका पडला होता, उन्हाने विटतं तसा. चौकोनाच्या मधोमध उभी आडवी एकेक पट्टी मात्र गडदच राहिली होती, खिडकीच्या चौकटीतल्या दांड्यांची सावली राहावी तशी.

हातात टेप होती आणि हात सवयीने चालले. चौतीस इंच रुंद. तो आकडा लिहीत असताना ब्लाँदीनबाई दारात उभ्या होत्या.

"मोजलीस?" त्या म्हणाल्या. "किती भरली?"

"काय किती भरली?"

"खिडकी, दुसरं काय!"

३

चहा झाला, काकवीची बिस्किटं झाली. बाईंनी विषय पुढे काढला नाही, आणि ओव्हिलालाही विचारायचा धीर होईना. शेवटी त्यांनीच कपात बघत सांगितलं.

"मला त्या भिंतीखाली एक हीटर पाहिजे. चांगला मोठा घाल. हिवाळ्यात ती सगळी बर्फाने गोठून जाते. जानेवारी ते मार्च काहीसुद्धा दिसत नाही."

"मादाम ब्लाँदीन, ती भिंत आहे."

"तुला भिंत दिसते. मलाही बरीच वर्षं भिंतच दिसायची."

"आणि आता काय दिसतं?"

"शेत. आमचं नव्हे. तिथे बारमाही बर्फ असतो. झाड नाही, कुंपण नाही." त्यांनी बिस्किटाचा तुकडा चहात बुडवला. "आणि कुणीतरी चालत येतंय."

ओव्हिलाने कप खाली ठेवला.

"पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिळाएवढं होतं. मला वाटलं डोळ्यांत काहीतरी गेलं. आता करंगळीएवढं झालंय. भराभर नाही येत. बर्फ खोल असणार ना तिथे."

"कोण आहे?"

"चेहरा दिसायचाय अजून."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की आपण काहीतरी पोरकट विचारलं असं त्याला वाटलं. "ओव्हिला, या दारातून शेवटचं कोण आत आलं सांगू? जून महिन्यात, पाण्याचा नळ दुरुस्त करायला आलेला माणूस. त्यानंतर तू. गाएताँ नाताळला येतो, कोट न काढता बसतो. तिकडून निदान कुणीतरी माझ्याकडे यायला निघालंय. एवढं मला पुरतं."

परत जाताना गाडीत ओव्हिला स्वतःला समजावत राहिला. वय झालंय. एकटी बाई. माणूस बोलायला नसलं की डोकं आपली सोय करून घेतं. त्यालाही लॉरियानची पावलं जिन्यावर ऐकू यायची पहिल्या वर्षी. बाईंचं डोकं फिरलंय हे सहज पटण्यासारखं होतं. पण जिरेनियमला डोकं नसतं, आणि माश्यांना एकटं वाटत नाही.

४

दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर आराखडा पक्का करायला घेतला. खोलीचं क्षेत्रफळ, छताची उंची, कुठे किती वॅट. बैठकीला उत्तरेच्या खिडकीखाली एक, पश्चिमेच्या खिडकीखाली एक. हिशोब चोख बसला. मग त्याची नजर कोठीच्या भिंतीवर गेली. तिच्यावर निळी रेघ होती. नीट पट्टी लावून काढलेली, चौतीस इंचाच्या मापाची.

आपण ती कधी काढली हे त्याला आठवेना. खोडरबराने त्याने ती पुसली. कागदावर तिचा वळ राहिला.

तेवढ्यात गाएताँचा फोन आला. माणूस घाईचा.

"मावशी म्हणते कोठीच्या भिंतीखाली पण हीटर. हे काय नवीन खूळ? तिथे तर थंडी येतच नाही."

"येते," ओव्हिला म्हणाला.

"कुठून येते? बरण्यांतून?"

"कुठून ते नाही सांगता येत. पण मी पट्टी धरून बघितलंय. येते."

"च्यायला, तुम्ही दोघं एकाच बाटलीतलं पिताय वाटतं," गाएताँ हसला. "लाव बाबा. तिला बरं वाटू दे. नाहीतरी इतर कशाने तिला बरं वाटत नाही."

नियमाने पाहिलं तर त्या भिंतीला हीटरची गरज शून्य होती. दुसऱ्या कुणाच्या घरी असता तर ओव्हिलाने साफ नाही म्हटलं असतं. पण फोन ठेवल्यावर घर एकदम गप्प झालं आणि त्याच्या ध्यानात आलं, आपल्या दारातून आत शेवटचं कोण आलं हे आपल्याला सांगता येत नाही. त्याने कागदावर पुसलेल्या रेघेखाली एक लांबट खूण केली. पंधराशे वॅट.

५

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सामान आलं. तीन दिवस ओव्हिला एकटाच खपला. तारा ओढल्या, तळघरात नवीन बोर्ड बसवला, प्रत्येक खोलीचा ब्रेकर वेगळा केला. कोठीच्या भिंतीखालचा हीटर त्याने सगळ्यांत शेवटी ठेवला. तिथे गुडघे टेकून काम करताना मानेवर सतत गार श्वास येत होता. एव्हाना भिंतीवरच्या कागदावर बर्फाची पांढरी बुरशी धरली होती, कडांना जाड, मध्ये विरळ. त्याने स्क्रू आवळले आणि मान वर केली नाही.

दुपारी सव्वातीनला काम संपलं. बाहेर अंधारून यायला लागलं होतं, बर्फ पडणार असं आभाळ झालं होतं. ब्लाँदीनबाईंनी चांगला झगा घातला होता, केस विंचरले होते. आपली खुर्ची त्यांनी भिंतीसमोर ओढून घेतली.

"लाव."

त्याने थर्मोस्टॅट फिरवला. नव्या हीटरचा धुळकट, जळका वास सुटला. पत्रा तापून टकटकायला लागला. काही वेळ एवढंच होतं. मग थेंबाचा आवाज आला. तापलेल्या पत्र्यावर पाणी चुरचुरलं.

बर्फ वितळत होता. भिंतीच्या कागदावरून पाण्याच्या रेघा खाली धावत होत्या. ओव्हिला फडकं घेऊन हीटरचा माथा पुसायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

जमिनीवरच्या फिक्या चौकोनात उजेड पडला होता.

दिव्याचा उजेड तसा नसतो. भर दुपारी उघड्या बर्फावरून येतो तसा तो पांढरा, डोळे दिपवणारा उजेड होता. मधोमध दांड्यांची फुली उठली होती. पश्चिमेच्या खिडकीबाहेर तर जवळजवळ रात्र झाली होती. ओव्हिलाने डोळे जमिनीवर खिळवून ठेवले. वर बघायचं नाही, त्याने ठरवलं. का ते त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

"अगंबाई," ब्लाँदीनबाई अगदी हळू म्हणाल्या. "केवढं जवळ आलंय."

उजेडाच्या चौकोनात भिंतीकडच्या बाजूने एक सावली सरकत आली. आधी डोकं, मग खांदे. ती ओव्हिलाच्या मोज्यांपर्यंत येऊन थांबली. डोकं जरासं एका बाजूला कललं, काचेला हात लावून आत डोकावणाऱ्या माणसाचं कलतं तसं.

"आत बघतंय का?" त्याने विचारलं.

"हो."

"तुमच्याकडे?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुझ्याकडे."

आणि भरीव ओंडक्यांच्या भिंतीवर, काचेवर नखं वाजतात तसा, तीनदा आवाज झाला.

ओव्हिला कसा उठला, तळघराचा जिना कसा उतरला, त्याला आठवत नाही. बोर्डावरचा बैठकीचा ब्रेकर त्याने खटकन खाली ओढला आणि हात तसाच दाबून धरला. मग तो वर आला. चौकोन विझला होता. हीटर निवताना टकटक करत होता. भिंतीच्या कडांवर पांढरं पुन्हा चढू लागलं होतं.

ब्लाँदीनबाई खुर्चीतच होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की रडू, त्याला ओळखता येईना.

"बावीस वर्षं वाट बघितली," त्या म्हणाल्या. "आणि तू बटण बंद केलंस."

"कोण होतं ते, मादाम?"

"बघायचं होतं तर वर बघायचंस."

६

हीटरमध्ये दोष आहे, नवा मागवतो, असं सांगून, ब्रेकर बंदच ठेवून तो गेला. दोष कसलाच नव्हता. त्याने नवा मागवलाही नाही.

नाताळ आला आणि गेला. जानेवारीत पारा उणे तीसपर्यंत उतरला. ब्लाँदीनबाई दर दोन-तीन दिवसांनी फोन करायच्या. आधी गोडीत, "ओव्हिला, माझी आठवण ठेव रे." मग टोमणे, "तुझा हीटर काय फ्रान्सहून जहाजाने येतोय का?" शेवटी शेवटी त्या काही मागत नसत. नुसतं म्हणायच्या, "खोली गार आहे रे," आणि फोन ठेवायच्या. ओव्हिला रिसीव्हर हातात धरून उभा राहायचा. एकदा त्याने तोंड उघडलं होतं, सांगणार होता की कोण होतं एवढं सांगा, मग लावतो. पण उत्तर ऐकायची त्याची छाती नव्हती.

गाएताँने मात्र त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "मावशी कोट घालून त्या खोलीत बसते! तिच्या दारी येणाऱ्या पोस्टमनने सांगितलं मला. नाक निळं पडलंय तिचं. तू काम पुरं करणार आहेस, की दुसरा माणूस बघू?"

जानेवारीच्या अखेरीस, एका लख्ख उन्हाच्या सकाळी, ओव्हिला गेला. बाई खरंच खुर्चीत बसलेल्या होत्या, कोट, टोपी, मांडीवर घोंगडी. भिंत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बर्फाने पांढरीफेक. त्यांनी त्याला ये म्हटलं नाही, वाळलास असंही म्हटलं नाही.

तो तळघरात गेला आणि ब्रेकर वर केला.

"मी थांबतो हवं तर," वर येऊन तो म्हणाला. "पलीकडे स्वयंपाकघरात बसतो."

"नको. जा तू." मग जरा मऊ आवाजात, "घाबरलास त्याचा मला राग नाही रे. आता तुझ्याकडे नाही बघायचं ते. मीच तेवढी दिसेन ना."

दारात बूट चढवताना त्याला मागून पत्र्याची टकटक ऐकू आली आणि पाठोपाठ पहिला थेंब. त्याने नाडीसुद्धा बांधली नाही.

सहा दिवसांनी गाएताँने फोन केला, मावशी फोन उचलत नाही. ओव्हिला पोचला तेव्हा गावचा पोलीस तिथे होता. दार आतून लावलेलं, त्याने तोडलं होतं. घर उबदार. चुलीवर वाटाण्याच्या सुपाचं भांडं, त्यावर साय धरलेली. बाईंचा कोट खुंटीवर, बूट दाराशी. चार दिवस बर्फ पडला नव्हता, आणि घराभोवतीच्या बर्फावर पोस्टमनची आणि पोलिसाची पावलं सोडली तर एकही खूण नव्हती.

बैठकीत थर्मोस्टॅट शेवटच्या आकड्यावर होता. भिंतीवरचा कागद पाण्याने लोंबत होता. खुर्ची रिकामी होती आणि तिच्यासमोर जमिनीवर पाणी साचलं होतं.

"म्हातारी माणसं भरकटतात," पोलीस म्हणाला. "बर्फ वितळला की सापडतील."

ओव्हिला मान हलवत राहिला.

७

एप्रिलात बर्फ वितळला. शेतं, चर, ओढा, सगळं पालथं घातलं. ब्लाँदीनबाई सापडल्या नाहीत.

घर विकायचं ठरलं. गाएताँने ओव्हिलाला सांगितलं, पाणी तोडलंय, तू जाऊन सगळे ब्रेकर पाडून ये. किल्ली त्याने पाकिटातून पाठवली. ओव्हिला दुपारी दोन वाजता गेला. बाहेर ऊन होतं, पागोळ्या गळत होत्या, रस्ताभर चिखल. घरात मात्र हाडं गोठवणारी थंडी. सामान बरंचसं गेलं होतं. खुर्ची राहिली होती, ती कुणाला नको होती बहुतेक.

तो खरं तर सरळ तळघरातच जायचा. पण तीन महिने त्याला झोप नीट लागली नव्हती, आणि एकच प्रश्न रोज उशाशी असायचा. तो बैठकीत गेला. भिंत पांढरी होती. त्याने थर्मोस्टॅट फिरवला, खुर्ची ओढली आणि तिच्यात बसला. या खेपेला वर बघायचं.

थेंब पडायला लागले. मधला पांढरा थर पातळ झाला, मग त्याला भोक पडलं, भोक रुंदावत गेलं. ओव्हिलाने पाहिलं.

बर्फ, आभाळापर्यंत. झाड नाही, कुंपण नाही, जसं बाईंनी सांगितलं होतं. आणि खूप लांब, करंगळीच्या नखाएवढी, दोन माणसं पाठमोरी चालत होती. पुढचं उंच होतं. ते न थांबता चालत होतं आणि मागच्याचा हात त्याने धरला होता. मागचं माणूस बुटकं, घरातल्या झग्यात, डोक्याला काही नाही. चालताना ते पुन्हा पुन्हा मागे वळत होतं.

ओव्हिला खुर्चीतून उठला.

त्या बुटक्या माणसाने त्याला बघितलं असावं, कारण त्याने मोकळा हात वर करून हलवायला सुरुवात केली. हात जोरजोरात, सगळ्या अंगानिशी हलत होता. ये म्हणून की येऊ नकोस म्हणून, ते एवढ्या लांबून कळेना. तोंडही उघडत मिटत होतं. आवाज येत नव्हता.

मग पुढचं उंच माणूस थांबलं. ते मागे वळू लागलं.

तो चेहरा बघायला ओव्हिला थांबला नाही. तो तळघरात धावला आणि त्याने एकापाठोपाठ एक सगळे ब्रेकर पाडले. अंधारात बोर्डाला टेकून उभा असताना त्याला तो हलणारा हात दिसत राहिला. जून ते नोव्हेंबर बाईंच्या घरी दोनच माणसं आली होती, आणि त्यांतल्या एकाने दुसऱ्यांदा बटण बंद केलं होतं. तो जिन्यावरून परत वर धावला. दोन पायऱ्या चुकल्या, गुडघा फुटला.

भिंत कडांकडून गोठत येत होती. मधोमध ताटलीएवढी जागा उरली होती, मग बशीएवढी. तिच्यात तो हात अजून हलत होता, पण आता मघापेक्षा हळू. ओव्हिलाने डोळा लावायला तोंड जवळ नेलं तेव्हा नाण्याएवढं भोक राहिलं होतं, आणि त्यातून नुसता पांढरा उजेड येत होता.

"मादाम ब्लाँदीन," तो ओरडला, "थांबा! मी लावतो!"

त्याने बाही ओढून ती जागा पुसली, पुन्हा पुन्हा, खसाखसा. बाहीखाली पिवळ्या फुलांचा कागद होता, कोरडा ठाक.